व्हिजिटिंग कार्डाचं डिझाइन वर्गात शिकवताना

संगणकाच्या वर्गात व्हिजिटिंग कार्डाचा प्रकल्प बहुतेक वेळा असा होतो: मुलं कॅनव्हा उघडतात, तयार टेम्प्लेट निवडतात, नाव बदलतात, रंग बदलतात आणि वीस मिनिटांत 'झालं' म्हणून सांगतात. पडद्यावर ते छानच दिसतं. छापून, कापून हातात घेतल्यावर मात्र फोन नंबर वाचताना डोळे बारीक करावे लागतात, चौकट एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक आलेली असते, लोगो धुरकट असतो आणि मागची बाजू उलटी छापलेली असते. या सगळ्याचं मूळ एकच आहे. मुलांनी पडद्यावरच्या चित्राचा विचार केला, कापल्या जाणाऱ्या कागदाच्या तुकड्याचा केलाच नाही. म्हणून हा विषय कापणीपासून सुरू करून मागे येत शिकवावा, असं माझं ठाम मत आहे. पातं कुठे बसणार, शाई कशी पडणार, वाचणारा कार्ड किती अंतरावर धरणार हे आधी समजू दे. सॉफ्टवेअरमधली बटणं मुलं तशीही पटकन शिकतात.

खालची मांडणी ४५ मिनिटांच्या सहा तासिका धरून केली आहे. आठवी-नववीपासून व्यवसाय अभ्यासक्रमांपर्यंत ती चालते. फक्त रंग आणि छपाईच्या भागात किती खोल जायचं ते वर्ग पाहून ठरवावं.

पहिली तासिका: संगणक बंद

कार्डाचं जगभर एकच माप नाही. युरोपात ८५×५५ मिलिमीटर चालतं, अमेरिकेत साडेतीन इंच बाय दोन इंच म्हणजे ८८.९×५०.८ मिमी, जपानमध्ये ९१×५५. बँकेच्या कार्डाचं माप मात्र आंतरराष्ट्रीय मानकाने ठरलेलं आहे, ८५.६०×५३.९८ मिमी, आणि पाकिटातले कप्पे त्याच अंदाजाने शिवलेले असतात. वर्गासाठी ९०×५४ मिमी घ्यावं. आकडे पूर्ण असल्याने हिशेब सोपा जातो आणि हे माप छपाईतही सर्रास चालतं. छापणारा आधीच ठरलेला असेल, तर त्याचंच माप घ्या.

प्रत्येकाने जाड कागदावर पट्टीने ९०×५४ चे चार आयत आखून कापायचे. मग त्यांना एका काल्पनिक व्यावसायिकाची माहिती सलग परिच्छेदात द्यायची, मुद्दाम जास्तीची. समजा, सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. मालकाचं नाव, दुकानाचं नाव, दोन फोन नंबर, ईमेल, वेबसाइट, तीन समाजमाध्यमांवरची खाती, पूर्ण पत्ता, उघडण्याची वेळ, सुट्टीचा वार, सुरू झाल्याचं वर्ष, सहा सेवांची यादी, एक घोषवाक्य. हे सगळं एका बाजूला मावणार नाही, आणि मावू नये म्हणूनच ते दिलेलं आहे.

मुलांना एकच प्रश्न विचारायचा: हे कार्ड हातात आल्यावर माणूस पुढे काय करणार? सायकल बंद पडली की तो फोन करेल. म्हणजे दुकान कशाचं आहे ते आणि फोन नंबर यांना पहिली जागा. दुसरा फोन नंबर, तीनपैकी दोन खाती आणि स्थापनेचं वर्ष गेलं तरी बिघडत नाही. समोरच्या बाजूला सात ओळींच्या वर जायचं नाही, एवढा एक नियम घालून द्यावा. सेवांची यादी मागच्या बाजूला जाऊ शकते. ही निवड मुलांना सर्वांत जड जाते, कारण प्रत्येक गोष्ट महत्त्वाचीच वाटते. इथे घाई करू नये. अख्खी तासिका गेली तरी चालेल.

मग त्या कापलेल्या तुकड्यांवर पेन्सिलीने मांडणी. पहिल्या तुकड्यावर जवळजवळ सगळ्यांची जागा संपते. दुसऱ्यावर अक्षरं लहान होतात, तिसऱ्यावर ओळींचे गट पडू लागतात. नाव आणि काम हा एक गट, संपर्क हा दुसरा. दोन गटांमधलं अंतर एका गटातल्या ओळींमधल्या अंतराच्या निदान दुप्पट ठेवायला सांगा, म्हणजे रेघा आणि चौकटी न मारताही गट वेगळे दिसतात. डावीकडे सरळ रेषेत लावलेल्या ओळी मध्यावर लावलेल्यांपेक्षा पटकन वाचल्या जातात. मुलांचा ओढा मात्र सगळं मध्यावर आणण्याकडे असतो, तेव्हा दोन्ही करून शेजारी ठेवून पाहू दे.

एक काळजी इथेच घ्यावी. मुलांनी स्वतःचा फोन, पत्ता, ईमेल कार्डावर घालू नये. ही कार्डं वर्गात फिरतात, ऑनलाइन खात्यांत साठतात, कधी फळ्यावर लागतात. नंबर म्हणून उघड खोटे आकडे द्यावेत. ईमेलसाठी एक्झाम्पल डॉट कॉम हे डोमेन वापरावं, ते उदाहरणांसाठीच राखून ठेवलेलं आहे.

कुठलं सॉफ्टवेअर

इंकस्केप मोफत आहे, वेक्टरवर (ठिपक्यांऐवजी रेषा आणि आकारांवर) चालतं आणि मिलिमीटरमध्ये नेमकं काम करू देतं. शिकवण्यासाठी मी त्यालाच पहिली पसंती देईन. कॅनव्हा ब्राउझरमध्ये चालतो आणि तासिका कमी असतील तर सोयीचा आहे, पण टेम्प्लेट बंद ठेवून कोऱ्या पानावरूनच सुरुवात करायला लावावी. स्क्रायबसमध्ये सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे) रंग, ब्लीड (कापणीच्या बाहेर नेलेला रंग) आणि छपाईचं पीडीएफ हे सगळं नीट मिळतं. मात्र देवनागरीसाठी त्याची १.६ किंवा नंतरची आवृत्ती घ्या, जुन्या १.४ मालिकेत जोडाक्षरं मोडतात. कोरलड्रॉ किंवा इलस्ट्रेटर उपलब्ध असेल तर उत्तमच. इलस्ट्रेटर-इनडिझाइनमध्ये देवनागरी तुटलेली दिसली, तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, अक्षरं जागेवर येतील. फोटोशॉप या कामासाठी नको. फोटो सुधारायला ते चांगलं आहे, पण मुलं शेवटी जेपीजी काढून देतात आणि बारीक अक्षरांच्या कडा ठिपक्यांच्या होऊन जातात.

पान लावणं

छपाईचा कागद कार्डापेक्षा मोठा असतो आणि छापल्यावर गठ्ठ्याने कापला जातो. कापताना पातं किंचित इकडेतिकडे सरकतं, कधी एक मिलिमीटरपर्यंतही. पार्श्वभूमीचा रंग बरोबर कार्डाच्या कडेलाच संपवला, तर पातं बाहेर सरकताच पांढरी रेघ दिसते. म्हणून रंग चारही बाजूंनी ३ मिमी बाहेर न्यायचा, हा ब्लीड. आणि पातं आत सरकलं तरी मजकूर कापला जाऊ नये म्हणून अक्षरं कडेपासून ५ मिमी आत ठेवायची. हा सेफ मार्जिन.

ब्लीडची सोय प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळ्या ठिकाणी असते आणि मुलं त्यातच अडकतात. सगळीकडे चालणारा मार्ग असा: पानच ब्लीडसकट घ्या, ९६ मिमी रुंद आणि ६० मिमी उंच. मग मार्गदर्शक रेषा टाका. कापणीच्या उभ्या रेषा ३ आणि ९३ वर, आडव्या ३ आणि ५७ वर. सेफ मार्जिनच्या उभ्या ८ आणि ८८ वर, आडव्या ८ आणि ५२ वर. आतला ८०×४४ चा आयत ही मजकुराची जागा.

इंकस्केपमध्ये फाइल मेनूतल्या डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये एकक मिलिमीटर करून रुंदी-उंची भरायची. कडेच्या पट्टीवरून रेषा ओढायची आणि तिच्यावर दोनदा क्लिक केलं की नेमका आकडा टाकता येतो. रेषा लावून झाल्या की त्या लॉक करायच्या, नाहीतर मजकूर हलवताना रेषाच हलते आणि ते लक्षातही येत नाही. पार्श्वभूमी, लोगो आणि मजकूर यांचे तीन वेगळे लेअर (थर) करून पार्श्वभूमीचा लेअरही लॉक करावा.

कॅनव्हात कस्टम साइझमध्ये एकक मिमी करून ९६×६० घ्या. मग डाउनलोड करताना ब्लीड आणि क्रॉप मार्कचा (कापणीच्या खुणांचा) पर्याय लावू नका, कारण ब्लीड आपण पानातच धरलेला आहे. दोन्ही केलं की फाइल दुहेरी ब्लीडची होते आणि प्रेसवाला कार्ड चुकीच्या ठिकाणी कापतो. फाइल देताना 'तयार माप ९०×५४, ब्लीडसह ९६×६०' असं लेखी कळवायचं.

कडेला बारीक चौकट मारण्याचा मोह प्रत्येक वर्गात दिसतो. कडेपासून २ मिमीवर चौकट असेल आणि पातं अर्धा मिलिमीटर सरकलं, तर एका बाजूला दीड आणि समोरच्या बाजूला अडीच मिमी जागा उरते. डोळ्याला ते लगेच खटकतं. चौकट हवीच असेल तर ती सेफ मार्जिनच्या रेषेवर घ्या. तिथे तेवढाच फरक ४.५ आणि ५.५ असा पडतो आणि सहज खपून जातो.

अक्षरं: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग, साधारण ०.३५ मिमी. मुलं पडद्यावर कार्ड तीन-चार पट मोठं करून पाहत असतात, त्यामुळे ५ पॉइंटचं अक्षरही त्यांना ठळक वाटतं. म्हणून आकार आकड्याने ठरवायचा. देवनागरीत नावासाठी १२ ते १४ पॉइंट, बाकी मजकुरासाठी ८ ते ९. रोमन लिपीतले ईमेल आणि वेबसाइट ७ ते ८ पॉइंटला चालतात. देवनागरीच्या एका ओळीत वर मात्रा, वेलांट्या, रफार आणि खाली उकार यांना जागा लागते, त्यामुळे त्याच पॉइंटला मूळ अक्षर रोमनपेक्षा लहान पडतं. दोन्ही लिप्या एका ओळीत असतील तर देवनागरी एक पॉइंट मोठी ठेवून पाहा.

ओळींमधलं अंतर रोमनच्या सवयीने ठेवलं तर वरच्या ओळीचा 'कू' खालच्या ओळीच्या 'कौ'ला जाऊन भिडतो. ८ पॉइंटच्या देवनागरीला ११ ते १२ पॉइंटचं अंतर द्या. सॉफ्टवेअरचं ठरावीक १२० टक्के अंतर बहुधा अपुरं पडतं.

इंग्रजी कार्डं पाहून मुलं अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडायला शिकलेली असतात. देवनागरीत हे करू नये. शिरोरेषा अक्षराअक्षराला तुटते आणि शब्दाचा शब्दपणाच जातो. अंतराचा आकडा शून्यावर ठेवायचा. तसंच फॉन्टमध्ये ठळक वजन (रेघांची जाडी) नसताना 'बी'चं बटण दाबलं की काही सॉफ्टवेअर अक्षराला नुसती बाहेरून रेघ चढवतात. 'क्ष', 'ष्ठ' यांच्या आतल्या पोकळ्या त्याने भरून जातात. मुळातच चार-पाच वजनं असलेलं फॉन्टचं कुटुंब निवडा. मुक्ता, हिंद, पॉपिन्स, बालू २ ही कुटुंबं मोफत आहेत, त्यांचा परवाना व्यावसायिक वापरालाही मोकळा आहे आणि त्यांत देवनागरी व रोमन एकमेकांना जुळतील अशीच काढलेली आहे, त्यामुळे दोन लिप्यांची जोडी जुळवत बसावं लागत नाही. एका कार्डावर एकच कुटुंब आणि त्यातली दोन वजनं पुरतात. ९ पॉइंटच्या खाली अगदी हलकं वजन घेऊ नका. छापताना बारीक रेघा तुटतात.

फॉन्ट पक्का करण्याआधी ही एक ओळ टाइप करून, छापून पाहायला लावा:

ॲड., तऱ्हा, राष्ट्र, शुद्ध, वाङ्मय, हृदय, श्रीकृष्ण, मूर्ती, रुपे, रूप

यातलं एकही अक्षर मोडलं, 'वाङ्मय' सोडून कुठे हलन्त दिसला किंवा ठिपक्यांचं वर्तुळ आलं, तर तो फॉन्ट बाद. 'ॲ'कडे खास लक्ष द्या. वकिलांच्या, ॲकॅडमीच्या कार्डांवर ते हमखास येतं. युनिकोडमध्ये 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर आहे. काही जण 'अ' टाइप करून पुढे चंद्र लावतात, ते काही फॉन्टमध्ये ठीक दिसतं आणि काहींत सुटं होऊन ठिपक्यांच्या वर्तुळावर बसतं. 'तऱ्हा', 'दुसऱ्या'मधला र हा खाली बिंदू असलेल्या 'ऱ'ला हलन्त देऊन टाइप करायचा. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हवे असतील तर काही फॉन्टमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडल्यावरच ते येतात. नुसता फॉन्ट बदलून येत नाहीत.

जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट वर्गात आणूच नयेत. त्यातला मजकूर दुसरीकडे चिकटवला की निरर्थक रोमन अक्षरं होतात आणि उद्या फोन नंबरची ओळ बदलायची म्हटलं तरी तोच फॉन्ट, तोच कीबोर्ड शोधावा लागतो.

रोमनमध्ये धोका वेगळा आहे. अनेक फॉन्टमध्ये लहान एल, मोठा आय आणि एक हा आकडा जवळजवळ सारखे दिसतात. ओ आणि शून्यही. ईमेल पत्त्यात यांतलं काही असेल तर तो पत्ता निवडलेल्या फॉन्टमध्ये छापून, दुसऱ्या मुलाला मोबाइलवर टाइप करायला द्यावा. पत्त्याखाली अधोरेषा देऊ नये, कारण पत्त्यातला अंडरस्कोर तिच्यात लपून जातो. फोन नंबरचे आकडे गट पाडून लिहावेत. दहा आकडे सलग टाकले की वाचणारा मध्येच हरवतो.

रंग

पडदा लाल-हिरवा-निळा प्रकाश मिसळतो; छपाईत निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी शाई एकावर एक पडते. पडद्यावरचे झगमगीत हिरवे, नारिंगी आणि विद्युत निळे रंग शाईत तयारच होत नाहीत, ते मंद होऊन येतात. गडद निळा जांभळट येण्याची तक्रार तर नेहमीची. किरमिजी शाईचं प्रमाण निळसर शाईच्या फार जवळ गेलं की असं होतं. दोन्हींत निदान ३० टक्क्यांचा फरक ठेवावा.

बारीक काळी अक्षरं फक्त काळ्या शाईची असावीत. आरजीबीतला (पडद्याच्या रंगपद्धतीतला) काळा सीएमवायकेत बदलला की तो बहुधा चारही शायांचा बनतो. चार ठसे केसभर जरी सरकले तरी ८ पॉइंटच्या अक्षराच्या कडेला रंगीत झालर दिसते. मोठी काळी पार्श्वभूमी मात्र नुसत्या काळ्या शाईने राखाडी वाटते, तिथे इतर शाया मिसळाव्या लागतात. निळसर ६०, किरमिजी ४०, पिवळी ४०, काळी १०० हे नेहमीचं मिश्रण आहे. अशा पार्श्वभूमीवर पांढरी बारीक अक्षरं टाकू नका, शाई थोडी पसरून त्यांच्या आतल्या रेघा बुजवते. टाकायचीच तर ९ पॉइंट आणि मध्यम वजन, त्याखाली जाऊ नका.

इंकस्केप आणि मोफत कॅनव्हातून बाहेर पडणारं पीडीएफ साधारणपणे आरजीबीत असतं. शाळेतल्या प्रिंटरवर त्याने अडत नाही. प्रेसला द्यायचं असेल तर स्क्रायबसमध्ये आणून रंग सीएमवायकेत नेमके भरावेत, किंवा बदल प्रेसने करावा आणि छापण्याआधी कागदावर नमुना दाखवावा.

लोगो

छपाईला इंचामागे ३०० पिक्सेल लागतात. ९६×६० मिमीच्या पूर्ण पानाला ते ११३४×७०९ पिक्सेल होतात. वेबसाइटवरून उचललेला २०० पिक्सेल रुंदीचा लोगो जास्तीत जास्त १७ मिमी रुंद छापता येईल. तो ४० मिमी ताणला की धुरकटणारच. हा भागाकार मुलांकडून हाताने करून घ्यावा: पिक्सेल भागिले ३००, गुणिले २५.४. एकदा केलं की 'मोठं करून बघू' ही सवय आपोआप कमी होते. लोगो शक्यतो एसव्हीजी या वेक्टर फाइलमध्ये ठेवा, म्हणजे मापाचा प्रश्नच उरत नाही. मोबाइलच्या संदेशातून फोटो म्हणून पाठवलेलं चित्र दाबून लहान केलेलं असतं, म्हणून ते डॉक्युमेंट म्हणून मागवा.

इंटरनेटवर सापडलेलं चित्र वापरण्याआधी त्याचा परवाना पाहणं हा धड्याचाच भाग धरावा. एखाद्या नामांकित कंपनीचा लोगो थोडा बदलून घेणंही चालणार नाही, हे स्पष्ट सांगावं. चित्रावाचून, नुसत्या अक्षरांचं कार्ड पहिल्या प्रकल्पासाठी सर्वांत चांगलं.

क्यूआर कोड

मुलांना तो हवाच असतो, आणि नीट केला तर उपयोगीही असतो. डेन्सो वेव्ह या जपानी कंपनीने १९९४ मध्ये तो वाहनांच्या सुट्या भागांच्या नोंदीसाठी बनवला. त्यातले चौकोन मजकुराप्रमाणे वाढत जातात, २१×२१ पासून १७७×१७७ पर्यंत. सगळा हिशेब इथेच आहे.

खराब झाला तरी वाचता यावा म्हणून कोडमध्ये दुरुस्तीच्या चार पातळ्या असतात. सुमारे ७, १५, २५ आणि ३० टक्के नुकसान त्या भरून काढतात. १५ टक्क्यांच्या पातळीवर ४२ बाइटपर्यंतचा वेब पत्ता २९×२९ च्या कोडमध्ये मावतो. कोडभोवती चार चौकोनांएवढी पांढरी जागा सोडावीच लागते, म्हणजे एकूण ३७. कोड या जागेसकट २० मिमी रुंद छापला तर एक चौकोन ०.५४ मिमीचा होतो; मोबाइल सहज वाचतो. आता त्याच कोडमध्ये नाव, दोन फोन, ईमेल, पत्ता असं पूर्ण संपर्कपत्र भरलं आणि ते २०० बाइटवर गेलं, तर कोड ५७×५७ चा होतो. पांढरी जागा धरून ६५. त्याच २० मिमीत एक चौकोन ०.३१ मिमीचा उरतो आणि साध्या प्रिंटरवर, खडबडीत कागदावर तो वाचला जाईलच असं नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, मात्रा आणि वेलांटीसुद्धा, त्यामुळे मराठी पत्ता कोडात घातला की तो झपाट्याने दाट होतो. कोडात छोटा वेब पत्ता एवढंच ठेवावं हे बरं.

कोड गडद आणि पार्श्वभूमी फिकी, उलटं नको. मधोमध लोगो बसवायचा असेल तर ३० टक्क्यांची पातळी घ्यावी लागते आणि कोड आणखी दाट होतो, म्हणून लहान कार्डावर तो मोह टाळावा. इंकस्केपच्या एक्स्टेन्शन्स मेनूत रेंडर, मग बारकोड इथे क्यूआर कोड थेट वेक्टरमध्ये बनतो. ऑनलाइन मोफत जनरेटर वापरलात तर कोड तुमच्या पत्त्यावर थेट जातो की त्या कंपनीच्या मधल्या पत्त्यावरून, हे स्कॅन करून पाहा. मधला पत्ता बंद झाला तर छापलेली सगळी कार्डं निकामी होतात.

छापून कापणं

पाचव्या तासिकेत ए४ कागदावर नमुने काढायचे. ९०×५४ ची कार्डं एकमेकांना चिकटवून लावली तर दोन रांगांत दहा बसतात, १८०×२७० मिमी. पण पार्श्वभूमी रंगीत असेल तर प्रत्येकाचा ब्लीड वेगळा हवा, म्हणजे ९६×६० चे तुकडे. असे पाच एकाखाली एक लावले की ३०० मिमी होतात आणि कागद २९७चा आहे. म्हणून या मांडणीत आठच बसतात. मुलांना हे आधी सांगू नये, त्यांनाच लावून पाहू द्यावं.

छापताना प्रिंटरच्या खिडकीत 'ॲक्चुअल साइझ' किंवा १०० टक्के निवडायचं. 'फिट टू पेज' राहिलं की कार्ड थोडं लहान छापतं आणि कापल्यावर माप का जुळत नाही ते कळत नाही. पहिलं पान निघालं की पट्टीने मोजायचं, मगच पुढची पानं. कार्डासाठी छपाईत ३०० ते ३५० जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) कागद घेतात, पण बहुतेक छोटे प्रिंटर तेवढा जाड कागद ओढत नाहीत. नमुन्यांसाठी १६० ते २०० पुरतो, तोही प्रिंटरची मर्यादा पाहून.

दोन्ही बाजू छापताना एक गोष्ट हटकून चुकते. उभा ए४ लांब कडेवरून उलटला की डावी रांग मागून उजवीकडे येते. आठही कार्डं एकाच मुलाची असतील तर बिघडत नाही. पण एका कागदावर वेगवेगळ्या मुलांची कार्डं लावली असतील, तर मागच्या पानावर डावी-उजवी रांग अदलाबदल करून लावावी लागते, नाहीतर एकाच्या नावामागे दुसऱ्याच्या सेवांची यादी येते. आधी साध्या कागदावर एक पान छापून, खिडकीच्या उजेडात धरून पुढची-मागची जुळणी पाहावी.

कापायला धातूची पट्टी, खाली कटिंग मॅट आणि नवं पातं. एका दमात जोर लावायचा नाही. दोन-तीन हलके फटके मारायचे. पट्टी धरणाऱ्या हाताची बोटं पात्याच्या वाटेत नसावीत. लहान वर्गांत कापणी शिक्षकांनीच करावी.

तपासणी आणि शेवटची फाइल

गुण देताना आधी कापलेलं कार्ड पाहावं, पडदा नंतर. कार्डांची अदलाबदल करून प्रत्येकाने दुसऱ्याच्या कार्डावरून फोन आणि ईमेल मोबाइलवर टाइप करायचे, दिवे थोडे कमी करून. किती आकडे चुकले ते कार्डाच्या मागे लिहायचं. क्यूआर कोड निदान दोन वेगळ्या मोबाइलवर स्कॅन करायचा. हातभर अंतरावरून तीन सेकंद कार्ड दाखवून 'हे कोणाचं, कशाचं?' असं विचारायचं. उत्तर आलं नाही तर नाव आणि कामाच्या ओळीवर परत जायचं. या तीन चाचण्यांना मिळून निम्मे गुण द्यावेत. रंगसंगती आणि सजावटीवर मतं वेगळी असू शकतात, चुकलेल्या आकड्यांवर वाद होत नाही.

सहावी तासिका दुरुस्तीची. शेवटी दोन फाइली ठेवायच्या. एक मूळ, जिच्यात मजकूर बदलता येतो. दुसरी छपाईची, जिच्यात अक्षरांचे कर्व्ह (फॉन्टवर न विसंबणारे नुसते आकार) केलेले असतात; इंकस्केपमध्ये सगळं निवडून पाथ मेनूतला ऑब्जेक्ट टू पाथ, कोरलमध्ये कंट्रोल आणि क्यू. प्रेसच्या संगणकावर आपला फॉन्ट नसला किंवा जुनी आवृत्ती असली तरी मग जोडाक्षरं मोडत नाहीत. कर्व्ह करण्याआधीच मूळ फाइल वेगळ्या नावाने साठवायची, कारण कर्व्ह केलेल्या मजकुरातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक परत टाइप करून सुधारता येत नाही.

पीडीएफ तयार झालं की ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडून कंट्रोल आणि डी दाबायचं. पानाचं माप ९६×६० मिमी दिसलं पाहिजे आणि फॉन्टची यादी रिकामी असली पाहिजे. यादीत एखादं नाव उरलं असेल तर कुठली तरी ओळ कर्व्ह करायची राहिली आहे. बहुधा ती मागच्या पानावरची असते.